पेद्रूची ओवर

फोंडाघाट
६ जानेवारी २०२५

चंदन,

नाय, माका हंय करमत नाय. कोणी इचारूक नाय, तरी सांगतंय, कारण जो बघूक येता तो "मजा आसा तुमची, आराम" असा म्हणान चाय पिवन जाता. आराम कसलो? पाय प्लास्टरात, कॉट खिडकीकडे, नि खिडकीतसून घाट चढणारे ट्रक. सकाळपासून चौतीस मोजलंय. ट्रक मोजूक माणूस जल्माक येता काय? लेकीचा घर आसा म्हणान गप बसलंय. नायतर कुबड्या घेवन कधीच वालावलाक इलंय असतंय.

तुझो मेसेज गावलो. "मामा, पेद्रूबाबाचा काय करूचा?" माका ता बारीक अक्षर दिसत नाय, म्हणान नातीन, रियान, वाचून दाखवल्यान. वाचून कसला, बोंबलून. माझे कान गेल्यापासून ह्या घरात सगळे माझ्याशी बोंबलतच बोलतत. लेकीक, नम्रताक कळला, तिच्या घोवाक कळला, दूधवाल्याक कळला. तो मेलो आज सकाळीच इचारता, "पेद्रूचा काय ठरला?" तेव्हा ह्याच्याफुडे फोन नको, मेसेज नको. कागदार लिव नि टपालात टाक. तीन दिवस लागले तर लागांदेत.

आता पेद्रूचा. पयल्या रविवारी एका ओवरीत एकोणीस रन दिल्यान, नि एक कॅच पोटार आपटून खाली. ता माका कळला, परत सांगूक नको. एकोणपन्नास वर्षांचो झालो. चोवीस सीझन तळेवाडीसाठी अंडरआर्म टाकल्यान, फिरवून फिरवून बोटा सुजली. आपली टीम सहा जणांची, मॅच चार ओवरची, एका बॉलराक एकच ओवर. म्हणजे पाव मॅच तेच्या हातात. हेच्यात रडूक नि मान देवक जागा खंय आसा?

खेळवतलंस तर खेळव. बसवतलंस तर तेच्या घराकडे जा नि तोंडार सांग, "पेद्रूबाब, आता डायलन टाकतलो." तिसरी गोष्ट नाय. शाल नको, नारळ नको, सत्काराचो बॅनर तर अजिबात नको. सीझन चालू असताना खेळाडूचो सत्कार करणा म्हणजे जित्या माणसाचो फोटो भिंतीर लावण्यासारखा.

माझा बघ. माका कोणाक बसवूक लागला नाय. २०११ साली, बावन्नाव्या वर्षी, भाटवाडीच्या बाबलीफुडे शेवटची ओवर टाकलंय. दोन रन. दोन! बाबली तेव्हा पंचवीस वर्षांचो रेडो होतो, तेका हलूक देवक नाय. मगे बॉल ठेवलंय नि घराक गेलंय. माणसान असा निघूक व्हया.

आठ दिवसांत काय तो निकाल लाव.

परशुराममामा


तळेवाडी, वालावल
११ जानेवारी २०२५

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार वि. वि. आपले पत्र मिळाले. आपली प्रकृती सुधारत असल्याचे वाचून आनंद झाला.

आपल्या सूचनेप्रमाणे मी गुरुवारी संध्याकाळी पेद्रूबाबांच्या घरी गेलो होतो. शाळेची मुलं सोडून त्यांची व्हॅन नुकतीच अंगणात लागली होती. व्हॅनच्या मागे त्यांनी एकच स्टंप पुरला आहे आणि ते एकटेच बॉल टाकत होते. टाकायचा, चालत जाऊन आणायचा, पुन्हा टाकायचा. एस्पेरांसा काकी पायरीवर बसून म्हणाल्या, "बघ रे तुझ्या बॉलराक! पाच वाजता उठता. माका म्हणता, पयल्या रविवारी हात थंड होतो म्हणान मार पडलो."

मी म्हटलं, "पेद्रूबाब, वायच बोलूचा होता."

"बोल मगे, कप्तान! आधी दोदोल खा. नाताळचो शेवटचो तुकडो तुझ्यासाठी ठेवलेलो आसा."

मामा, ते मला कप्तान म्हणतात. मला बॉल धरायला त्यांनीच शिकवलं. मी दोदोल तोंडात घातला तर त्यांनी सुजलेली बोटं माझ्यासमोर धरली आणि विचारलं, "पट्टी बांधलेली नियमात चलता मा रे? पंच काय म्हणूचो नाय?" मी म्हटलं, चालते. मग आणखी दोन तुकडे खाल्ले आणि घरी आलो.

डायलनलासुद्धा बसवून ठेवता येत नाही. चांगला टाकतो, बावीस वर्षांचा आहे, आणि गोव्याची एक टीम त्याला बोलावते आहे. पण तो काकींच्या बहिणीचा मुलगा. म्हणतो, "माका काय नाय, पण मावशीच्या घराकडे तू सांग."

उद्या जत्रेमुळे मॅच नाही. काय करावे, कृपया कळवावे.

आपला आज्ञाधारक भाचा,
चंदन


फोंडाघाट
१५ जानेवारी

चंदन,

वि. वि. काय रे? तलाठ्याक अर्ज करतंस? नि साष्टांग नमस्कार कोणाक, प्लास्टरातल्या पायाक? घरात बोलतंस तसा लिव.

माझी प्रकृती सुधारली असा मी खंय लिवलंय? मी लिवलंय की माका करमत नाय.

दोदोलाचे तीन तुकडे आत घातलंस, एक वाक्य भायर काढूक जमला नाय. तू एमायडीसीत सुपरवायझर आसंस, थंय बारा माणसांका कामार लावतंस. तेंका पण दोदोल खावन सांगतंस?

कळवावे म्हणतंस, तर परत कळवतंय. खेळव, नायतर सांग. तेच्याफुडे माझ्याकडे काय नाय.

मामा


तळेवाडी
२० जानेवारी

मामा,

आता घरातल्यासारखा लिवतंय. काल जिंकलांव! भाटवाडीक हरवलांव, बाबलीच्या टीमाक. नि पेद्रूबाबाची ओवर किती सांगा? चार रन! सहा बॉलांत चार!

सगळो मळो उभो रवलो. भात कापल्यार एवढी माणसा त्या मळ्यात कधी बघूक नाय. पेद्रूबाब ओवर टाकून इलो नि माका म्हणालो, "सांगलंय ना कप्तान, हात थंड होतो!" घराक जाताना व्हॅनचो हॉर्न वाजवत गेलो, तळ्यापासून तिठ्यापर्यंत.

तेव्हा तुमचो तो प्रश्न मिटलो. खेळवतंय.

पायाक सांभाळा.

चंदन


फोंडाघाट
२३ जानेवारी

चंदन,

शाबास! बघ, सांगलेलंय. जुन्या हाताक एक खराब रविवार माफ करूचो असता. उगाच मन कुरतडत बसण्यात अर्थ नाय. चार रन! माझे दोन होते, पण चार पण वायट नाय. पेद्रूक म्हणाचा, परशुरामान इचारल्यान हा, की दोन जास्तीचे खंयसून दिलंस. हसतलो मेलो. नम्रताक आज सांगून बांगड्याचा तिखला करूक लावलंय, पथ्य गेला खड्ड्यात. दूधवाल्याकपण सांगलंय, पेद्रूचा ठरला म्हणान

२५ जानेवारी

वरचा अर्धा रवलेला. बरा झाला टाकूक नाय.

काल रियान मोबाईलार त्या मॅचचा रेकॉर्डिंग लावून दिल्यान. आवाज माका ऐकाक येत नाय, पण डोळे लांबचा बघतत. मी ती ओवर चार वेळा बघलंय. रिया कंटाळून गेली, मी बघत रवलंय.

तिसरो बॉल. कमरेइतको फुलटॉस. पट्टी सुटली असतली, बोटातसून निसटलो. तसलो बॉल माझी नम्रतापण माडांच्या पलीकडे मारतली. बाबलीन काय केल्यान? बॅट आडवी धरल्यान नि बॉल परत पेद्रूच्या हातात दिल्यान, हळदीकुंकवाचा ताट दिल्यासारखो. नि पाचव्या बॉलार तेचो पाय आधीच मागे गेलेलो. मारूचाच नाय ह्या ठरवून उभो रवलेलो माणूस तो.

मी चाळीस वर्षा बॉल टाकलंय. माका शिकवू नको.

तू काय केलंस? साध्या भाषेत लिव.

मामा


तळेवाडी
२८ जानेवारी

मामा,

लिवतंय. तुमी रागावतलास ता ठावक आसा.

मॅचच्या आधी मी बाबलीक भेटलंय. म्हटलंय, "पेद्रूबाबाची ओवर वायच सांभाळून घे. तेचो शेवटचो सीझन." बाबली म्हणालो, "एक ओवर ना? दिली. उरलेल्या तीन ओवरींत तुमका फोडतंय." नि तसोच खेळलो तो, तुमी बघलासच. आमी जिंकलांव ते उरलेल्या तीन ओवरींत, लबाडी करून नाय. परवाच्या रविवारी पण दुसऱ्या टीमच्या कप्तानाक तसाच सांगलंय. तीन रन.

हेच्यात कोणाचा वायट झाला, तुमीच सांगा? पेद्रूबाब शीळ घालत व्हॅन चालवता. काकी म्हणाली, रातचो नीट झोपता. डायलनाक दुसरी ओवर दिलंय, तो गोव्याक जाणा इसारलो. पोरांका मॅच गावली. बाबलीक पण बरा वाटला.

तुमी लिवलेलास, खेळव नायतर सांग. मी खेळवलंय ना?

चंदन


फोंडाघाट
३१ जानेवारी

चंदन,

शिरा पडो तुझ्या शहाणपणार.

कच्चो लिंबू केलंस तेका. समाजला? कच्चो लिंबू! पोरा खेळताना चार वर्षांचो धाकटो भाव रडाक लागता, मगे आवस सांगता, "घेवा रे तेका." तेका घेतत, पण तो आउट धरीत नाय, तेच्या बॉलार कोण जोरान मारीत नाय. तो बापडो समाजता आपण खेळतंव. बाकीचे एकमेकांका डोळे मारतत. त्या पोराक चार वर्षा असतत, म्हणान चलता. पेद्रूक एकोणपन्नास आसत. तेका डोळे कोण कोण मारता तेची यादी कर नि माका धाड. दोन कप्तान झाले, तेंचे बारा खेळाडू झाले, डायलन झालो. आता मी पण झालंय, तुझ्या कृपेन.

मी खेळव म्हटलंय ता खेळूक देवक. दिसण्यापुरता उभा करूक नाय.

नि "कोणाचा वायट झाला" म्हणान माका इचारू नको. माझ्याशी असा कोणी केला असता तर मी तेका मळ्यातच झोडपलंय असतंय. पण करूची छाती कोणाची नव्हती. बाबली माझ्याफुडे दोन रनार अडकलो तो घामान भिजलेलो होतो. ता खरा होता. तेची चव येगळी.

रविवारच्या आधी पेद्रूच्या घराकडे जा. सगळा सांग. मार खालंस तर खा.

मामा


तळेवाडी
३ फेब्रुवारी

मामा,

तुमचा पत्र आज सोमवारी गावला. सगळा कालच झाला.

माईकार शिवा होतो. तेका कोणी सांगल्यान देव जाणे, पण तेका कळलेला. नि तेका वाटला ही लय मोठी गोष्ट, गावभर सांगूक व्हयी. पेद्रूबाबान तिसरो बॉल टाकल्यान, बॅट्समनान अलगद ढकलल्यान, नि शिवा माईकार: "बघा मंडळी, ह्येका म्हणतत संस्कार! पेद्रूबाबाच्या ओवरीक मारूचा नाय असो दोन्ही कप्तानांचो शब्द आसा, नि समोरचो फलंदाज तो पाळता आसा! टाळये होवंदेत टाळये!"

मामा, लोकांनी टाळये वाजवल्यानी. मनापासून. बायकांनी पण. शिवा परत म्हणालो, "अजून जोरान!"

पयल्यांदा पेद्रूबाब पण हसलो. तेका वाटला बॉलाक टाळये. मगे तेणा पंचाक काय तरी इचारल्यान. पंच खाली बघूक लागलो. मगे तो माझ्याकडे चलत इलो. "कोणाचो शब्द, चंदन?" कप्तान म्हणूक नाय. चंदन.



तेणा बोटाची पट्टी सोडल्यान, घडी करून खिशात घातल्यान, बॉल पंचाच्या हातात दिल्यान नि व्हॅनकडे गेलो. तीन बॉल रवलेले, ते दुसऱ्या पोरान टाकल्यान. मॅच जिंकलांव. कोण नाचूक नाय.

आता एक लिवतंय. नाय लिवूचा असा ठरवलेलंय, पण तुमचा पत्र वाचून डोक्यात गेला. करूची छाती कोणाची नव्हती म्हणतास? मी बाबलीकडे सांगूक गेलंय तेव्हा तो हसाक लागलो. म्हणालो, "तुमच्या तळेवाडीची ही जुनीच चाल. २०११ साली पेद्रू कप्तान होतो, तेणा माका असाच बाजूक घेवन सांगलेल्यान. परशुरामाची शेवटची ओवर आसा, मारू नको. माका सहा बॉल बॅट आवरताना घाम फुटलो."

मी काय नवीन करूक नाय, मामा. तुमी चौदा वर्षा जे दोन रन सांगतास, ते पण तसलेच.

चंदन


तळेवाडी
१० फेब्रुवारी

मामा,

तुमचा उत्तर नाय. नम्रताताईक फोन केलंय, ती म्हणाली तुमी भिंतीकडे तोंड करून झोपतास, रियाक पण जवळ घेणास नाय, नि प्लास्टर काढल्यार एक शब्द बोलूक नाय. ता पत्र टपालपेटीत टाकलंय नि तेच घडयेक पेटीत हात घालून बघलंय. हात आत जाणा नाय. मी वायट वागलंय. तुमका ता कळूचा नव्हता.

काल पेद्रूबाबाशिवाय खेळलांव, जिंकलांव. येत्या रविवारी बाबलीशी सेमीफायनल.

शनिवारी डेल्सी इली, पेद्रूबाबाची लेक. तेचो टीशर्ट घेवन. धुतलेलो, इस्त्री केलेलो, घडी करून पिशयेत. मी इचारलंय, "पप्पा काय म्हणालो?" ती म्हणाली, "काय नाय. इस्त्री माका करूक दिल्यान नाय, स्वतः केल्यान."

पोरा म्हणतत, सुटलांव. तो गेलो, बरा झाला, आता डायलन. सरळ हिशोब. माका तो टीशर्ट खंय ठेवूचो ता कळत नाय. कपाटात ठेवलंय तर बरा दिसत नाय, भायर ठेवलंय तर दिसता.

शिवा पण पडलेला तोंड घेवन फिरता. माका म्हणता, "मी तर कौतुक केलंय रे."

काय करू?

चंदन


फोंडाघाट
१३ फेब्रुवारी

चंदन,

तू लिवलंस ता बरा केलंस. टपालपेटीत हात घालूची गरज नव्हती.

२०११ चा एवढाच: माका राग इलो. आठ दिवस इलो. आधी बाबलीचो, मगे पेद्रूचो, मगे तुझो, नि मगे माझोच, की चौदा वर्षा मी ता लग्नात, बारशात, सलूनात, जो गावात तेका सांगत सुटलंय, नि ऐकणाऱ्यांतले निम्मे तरी जाणून होते. कच्चो लिंबू कसो दिसता ता मी तुका समजावून सांगलंय. आरशात बघूक नाय. आता तो विषय बंद.

मी पेद्रूक दोन ओळी धाडलंय. "येवन जा. चलता येत नाय, नायतर मी इलंय असतंय." काल तो इलो. पोरांका शाळेत सोडल्यान नि व्हॅन घेवन सरळ हंय. दारात उभो रवलो. मी म्हटलंय, "मेल्या, तू बाबलीक माका मारूक दिलंस नाय." तो म्हणालो, "नि तुझ्या भाच्यान माका." मगे आत इलो.

आता काम ऐक. पत्र शनिवारी गावात, नाय गावला तर मी नम्रताक फोनार बोंबलूक लावतंय.

तो टीशर्ट घे नि तेच्या घराकडे जा. पायरीर बस. दोदोल दिल्यानी तरी खावू नको, आधी बोल. तीन वाक्या. "मी चुकलंय. रविवारी एक ओवर तुझी. तेच्यानंतर ह्या सीझनाक डायलन." तिसरा वाक्य गिळू नको. तेका ठावक आसा, तरी तुझ्या तोंडातसून जावक व्हया.

बाबलीक सांग, मार. सगळ्या जोरान मार. नाय मारलंस तर परशुराम भाटवाडीत येवन तुझ्या अंगणात बसतलो. शिवाक सांग, माईकार काय बोलूचा ता बोल, पण खरा.

पेद्रूक राखलेली ओवर नको. हरलो तरी व्हयी. तेणा तसा सांगल्यान.

मामा


तळेवाडी
१७ फेब्रुवारी

मामा,

हरलांव. तीन रनांनी. पेद्रूबाबाच्या ओवरीक एकवीस गेले.

पण पयल्यापासून सांगतंय.

शनिवारी दुपारी तुमचा पत्र गावला, तसोच गेलंय. दोदोल संपलेलो, काकीन चाय ठेवल्यान. मी चाय येवच्या आधी बोललंय. पयली दोन वाक्या झाली. तिसऱ्याच्या आधी टीशर्टाची पिशवी फुडे सरकवलंय. पेद्रूबाब पायरीर बसलेलो, माझ्याकडे बघीत रवलो, मदत काय करूक नाय. शेवटी बोललंय. "तेच्यानंतर डायलन." तेणा टीशर्ट हातात घेतल्यान, इस्त्री मोडली की काय बघल्यान. म्हणालो, "चाय पी आता."

बाबलीक सांगलंय तर तो खूश. "सहा बॉल मोकळे? आवशीक सांगतंय, आज जेवूक वेळ होतलो."

काल पयली ओवर पेद्रूबाबाची. पयलो बॉल माडांच्या पलीकडे. दुसरो पण.  शिवान माईकार खाकरून म्हटल्यान, "बारा." तेवढाच. तिसऱ्याक दोन. बाबली फुडे येवन ओरडलो, "पेद्रूबाब, घराक जावन नातवांचो पाळणो हलय!" पेद्रूबाब म्हणालो, "माका नातू नाय रे, तूच येवन झोप पाळण्यात!" मामा, तो हसलो. पंधरा दिवसांत पयल्यांदा. सगळो मळो हसलो.

नि चौथो बॉल. तो काय टाकल्यान ता माका अजून कळूक नाय. लेगच्या भायर पडलो नि आत घुसलो. बाबलीन बॅट फिरवल्यान, बॉल बॅटीखालसून गेलो, स्टंपाक एक बोट सोडून. बाबली खाली वाकलो, पीचार हात लावून बघल्यान नि एक शिवी दिल्यान. ती मी हंय लिवणा नाय. पेद्रूबाबाच्या तोंडार जो काय उजेड पडलो तो त्या शिवयेन पडलो.

पाचवो परत माडांत. सयाव्याक एक. एकवीस.

ओवर झाली. माका जावन सांगूचा होता, बस आता. ठरलेला होता तरी मी फिल्डिंगच लावीत रवलंय. तेणाच पट्टी सोडल्यान, सगळ्यांसमोर डायलनाक बोलावल्यान, बॉल तेच्या हातात दिल्यान, म्हणालो, "फुलटॉस टाकू नको, तो आज जेवूक बसलेलो आसा." नि लायनीभायर जावन उभो रवलो. घराक जावक नाय. शेवटपर्यंत डायलनाक हातान दाखवत होतो, हळू टाक, हळू टाक.

पण फायनल गेली, मामा. पोरा माझ्याशी बोलणत नाय. एक जण तोंडार म्हणालो, "एका माणसाचो मान राखूक सहा जणांचो सीझन घालवलंस." तेका काय सांगू? तीच ओवर दुसऱ्या कोणी टाकली असती तर दहा गेले असते, बारा गेले असते. आमी फायनलात असतांव. ता खोटा नाय.

बरोबर केलांव काय आपण? नि पेद्रूबाब तुमच्याकडे इलो तेव्हा तुमी काय बोललास? काकी म्हणता, सकाळी गेलेलो तो शाळा सुटूच्या टायमाक इलो, पोरा वीस मिनिटा थांबलेली. तो घरात पण काय सांगीत नाय. येवढा काय बोललास?

चंदन


फोंडाघाट
२१ फेब्रुवारी

चंदन,

मॅच हरलांव ता खरा. तेका गूळ लावन गोड करू नको, मी पण करूचंय नाय. पोरा रागावली ता बरोबर. रागावूक देवा. तेंचो पण सीझन होतो.

पण सहा जणांचो सीझन पेद्रूच्या एकवीस रनांनी गेलो नाय. तो जानेवारीत गेलो, तू दोदोल खावन परत इलंस तेव्हा. त्याच दिवशी बोललो असतंस, तर डायलन पयल्यापासून टाकीत असतो, पेद्रू लायनीभायर उभो रवान तेका हात दाखवीत असतो, नि कोणाक काय राखूक लागला नसता. तेका रविवारची ओवर द्यावी लागली ती तुझ्या पाच आठवड्यांच्या गप बसण्यापायी. पोरांका असाच सांग. "चूक माझी, पेद्रूबाबाची नाय." तोंडार सांग. तुका आता तोंडार बोलूची सवय लागली असतली.

नि रविवारी सुद्धा तो तुझ्या आधी बॉल देवन मोकळो झालो. ता काम तुझा होता. तो चोवीस सीझन खेळलेलो माणूस, तेका तुझी कीव इली म्हणान तेणा केल्यान. परत कोणाची कीव घेवची पाळी आणू नको.

सत्कार करूचो म्हणान कोण तरी उठतलो, मंडळात तसलो एक तरी असता. करूक देवचो नाय. पेद्रू फुडल्या साली काय करतलो ता तेचा तेका ठरवांदे. स्टंप व्हॅनमागे अजून पुरलेलो असतलो, तो उपटूक कोणी जावचा नाय.

मी बुधवारच्या एस्टीन येतंय. कुडाळाक न्यायाक येव नको, फुलाबिलां घेवन तर अजिबात नको. माझो मी येतंय.

पेद्रू नि मी काय बोललांव ता नम्रतान इचारल्यान, रियान इचारल्यान, दूधवाल्यान दोनदा इचारल्यान. आता तू इचारतंस. दार लावन बसलेलांव. मी बहिरो, तेका बोंबलूक लागला असता, म्हणान तो माझ्या कानाकडे येवन बसलो. दोघांचा होता, दोघांनी ऐकला.

तुका सांगूचंय नाय.

परशुराम